हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं

इंटर्नशिपला आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात एक कागद भरायला देते. नमुना क्रमांक 4, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. रुग्णालयात कुणी दगावलं की हा कागद भरावा लागतो आणि रात्रपाळीत ते काम हटकून सगळ्यात ज्युनिअर डॉक्टरच्या गळ्यात पडतं. नातेवाईक ‘बॉडी कधी देणार’ म्हणून दाराशी खोळंबलेले असतात, वॉर्डात दुसरा पेशंट धापा टाकत असतो. मग कारणाच्या जागी ठरलेले शब्द उमटतात : कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. हृदय आणि श्वास बंद. हटकलं की उत्तरही ठरलेलं असतं, “पण मॅडम, शेवटी तेच होतं ना?”

होतंच. आजवर मेलेल्या प्रत्येक माणसाचं हृदय बंद पडलेलं आहे. ते मरणाचं वर्णन झालं, कारण नव्हे.

त्या कागदावर कारणासाठी अ, ब, क अशा तीन ओळी असतात. वर्गात मी मधुमेहाचं उदाहरण देते. ओळ अ : सेप्सिस. तो कशामुळे? ओळ ब : पायाचं गँगरीन. ते कशामुळे? ओळ क : मधुमेह. उजवीकडे प्रत्येक आजार किती दिवसांपासून होता ते लिहायचा रकाना असतो, तो बहुतेक कागदांवर कोराच दिसतो. जागतिक आकडेवारीत हा माणूस मोजला जातो तो सर्वांत खालच्या ओळीनं, मूळ कारणानं. अ मोजलं असतं तर जग सेप्सिसनं मरतंय असं दिसलं असतं, आणि ‘अरेस्ट’ मोजलं असतं तर काहीच दिसलं नसतं.

मला स्वतःला रस आहे तो क च्या खाली. या माणसाच्या गोळ्या महिनाअखेरीला संपत होत्या का? जखम झाली तेव्हा पायात चप्पल होती का? उपकेंद्रात साखर तपासायच्या पट्ट्या होत्या का? कागदावर त्याला जागा नाही आणि डॉक्टरनं ते तिथं लिहावं अशी अपेक्षाही नाही. पण गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जगाच्या मृत्युदराचा आलेख जिथं जिथं वळला, तिथं तिथं बहुधा कुणीतरी या न छापलेल्या ओळींनाच हात घातलेला दिसतो.

कारण विचारायची ही खोड जुनी आहे. 1662 साली लंडनच्या जॉन ग्राँट नावाच्या शिवणकामाच्या किरकोळ मालाच्या व्यापाऱ्यानं शहराच्या मृत्यूच्या साप्ताहिक याद्या एकत्र करून त्यांवर पुस्तक लिहिलं. या याद्या भरण्यासाठी चर्चच्या हद्दीतल्या म्हाताऱ्या बायका घरोघर जाऊन प्रेत पाहून यायच्या. ग्राँटची तक्रार अशी, की बिअरचा पेला आणि दुप्पट फी मिळाली की या बायका गुप्तरोगानं खंगून मेलेल्यालाही क्षयाच्या यादीत टाकतात. साडेतीनशे वर्षं झाली, आमचा धंदा अजून त्याच तक्रारीवर चालतो.

तरीही ढोबळ चित्र आता पक्कं आहे. 1950 च्या सुमारास जगातला सरासरी माणूस जन्मतः 46 वर्षांच्या आयुष्याची अपेक्षा करू शकत होता, कोविडच्या आधी हा आकडा 73 च्या आसपास गेला. यातली मोठी वाढ म्हातारे आणखी म्हातारे झाले म्हणून आलेली नाही. लहान मुलं मरायची थांबली म्हणून आलेली आहे. 1990 मध्ये पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुलं दगावली. 2022 मध्ये हा आकडा पहिल्यांदाच 50 लाखांच्या खाली उतरला. आपल्याकडे जुन्या काळाची कल्पना यायला आनंदीबाई जोशींचं उदाहरण पुरे. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं, आणि अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या त्या स्वतः 1887 मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी क्षयानं गेल्या. तेव्हा यात जगावेगळं काही नव्हतं. 1911 ते 1921 या दशकात प्लेग आणि इन्फ्लुएंझानं भारताचं सरासरी आयुर्मान विशीच्या आसपास आणून ठेवलं होतं.

मुलं वाचली कशानं? लसींचं श्रेय सगळे देतात, आणि ते योग्यच आहे. पण 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा उसळला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधल्या, पिंपातल्या पाण्यात त्या कालवल्या आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळ तपासायला, वेळ पडली तर प्रतिजैविक टोचायला शिकवलं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं मांडलं. दोन्ही ठिकाणी उपचार सापडलेला होताच. अडलं होतं ते, तो कुणाच्या हातात असावा या प्रश्नावर.

इथं एक सावधगिरीची सूचना, कारण वर्तमानपत्रं दरवर्षी इथं घसरतात. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत केरळचा मृत्युदर हजारी 7.0 होता, बिहारचा 5.4. मग काय, जगायला बिहारला जायचं? त्याच वर्षी केरळात हजारी 6 अर्भकं दगावली, बिहारमध्ये 27. केरळात म्हातारी माणसं जास्त आहेत आणि म्हातारी माणसं जास्त मरतात, एवढाच त्याचा अर्थ. जपानचा मृत्युदर भारताच्या जवळपास दुप्पट आहे, तोही याचसाठी. वयाचा हिशेब न करता दोन मृत्युदर शेजारी मांडणाऱ्याला आमच्या विषयात पहिल्या सत्रातच नापास करतात.

आयुर्मान एका दिशेनं वर जातं आणि कुठं हळू, कुठं जोरात एवढाच फरक, असा एक समज आहे. रशियानं तो मोडून काढला. ही कहाणी मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मुलांचा विश्वास बसत नाही.

मे 1985 मध्ये गोर्बाचेव्हनी दारूविरोधात मोहीम काढली. दुकानं कमी केली, विक्रीच्या वेळा आवळल्या, किमती चढवल्या, द्राक्षबागासुद्धा तोडल्या. लोकांनी त्यांना जनरल सेक्रेटरीऐवजी ‘मिनरल सेक्रेटरी’ म्हणायला सुरुवात केली. मिनरल वॉटर पाजणारे म्हणून. पण पुरुषांचं आयुर्मान दोन-तीन वर्षांत 62 वरून 65 च्या जवळ गेलं. शांततेच्या काळात एवढी झेप क्वचितच दिसते. मोहीम बारगळली, 1991 मध्ये देशच विरला, 1992 च्या जानेवारीत किमती मोकळ्या झाल्या, आणि पगाराच्या मानानं व्होडका स्वस्त झाली. 1994 पर्यंत रशियन पुरुषाचं आयुर्मान 58 च्याही खाली घसरलं. ना युद्ध, ना दुष्काळ, ना साथ.

प्रमाणपत्रांवर यातले बरेच मृत्यू हृदयविकाराचे होते. पुढे संशोधकांनी सायबेरियातल्या बर्नाउल, तोम्स्क आणि बीस्क या शहरांत मृतांच्या घरी जाऊन माणूस किती प्यायचा ते विचारलं. जवळजवळ 49 हजार मृत्यूंचा तो अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 15 ते 54 या वयातल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंमागे दारू होती. ‘हृदयविकार’ म्हणून नोंदलेल्यांत दारूच्या थेट विषबाधेनं गेलेलेही होते. ओळ क मध्ये हृदय आणि तिच्या खाली व्होडकाची किंमत. नंतर रशियानं व्होडकाला किमान किंमत ठरवून दिली, विक्री आवळली. 2019 पर्यंत पुरुषांचं आयुर्मान 68 वर आलं. दारूबंदीवर आपल्याकडे वाद होतो तेव्हा दोन्ही बाजू नीतीवर बोलतात. किमतीवर कुणी बोलत नाही याचं मला नवल वाटतं.

आफ्रिकेत किमतीनंच उलटा खेळ केला. एड्सनं खंडाच्या दक्षिण भागात आयुर्मान पन्नाशीच्या खाली खेचलं होतं, मलावीत ते 2000 च्या सुमारास 45 वर होतं. औषधं होती, पण एका माणसाला वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे. 2001 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. हे जमलं, कारण 1970 च्या भारतीय पेटंट कायद्यात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत होतं. मलावीनं 2004 पासून तीन औषधं एकाच गोळीत असलेला भारतीय उपचार सरकारी दवाखान्यांतून फुकट द्यायला सुरुवात केली. आज तिथलं आयुर्मान साठीच्या पुढे आहे. त्यामागे दिल्लीत 1970 साली झालेला एक कायदा आहे, हे तिथल्या कुठल्याच प्रमाणपत्रावर दिसणार नाही.

हे सगळं कागद भरला गेला तर. भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले मृत्यू चारात एक एवढेही भरत नाहीत. बाकीची माणसं घरात, शेतात, रस्त्यात जातात. त्यांच्यासाठी एक युक्ती आहे : प्रशिक्षित माणूस घरी जातो, आई-बायको-भावाला बसवून शेवटच्या आजाराची हकीकत विचारतो, ती लिहून आणतो, आणि दोन डॉक्टर वेगवेगळे बसून त्यावरून कारण ठरवतात. डॉ. प्रभात झा यांच्या नेतृत्वाखाली महानिबंधक कार्यालयाच्या साथीनं झालेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’त हेच केलं. त्यातून कळलं, की 2005 च्या सुमारास भारतात वर्षाला सुमारे 46 हजार लोक साप चावून मरत होते. सरकारी रुग्णालयांच्या नोंदीच्या हा तीसपट होता. आकडा मोठा निघाला याचं कारण साधं आहे : सर्पदंशाचे बहुतेक बळी दवाखान्यात पोचतच नाहीत.

विंचवाचं तसंच होतं. कोकणात महाड-बिरवाडी भागात लाल विंचू चावलेलं माणूस फेस येऊन, छातीत पाणी भरून जायचं, आणि लोक दैवाला बोल लावायचे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्या रुग्णांजवळ रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसातलं पाणी सगळं टिपलं, आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्तातली गोळी वापरून पाहिली. तीस-चाळीस टक्क्यांचं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. टिपणं आधी, गोळी नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

कोविडबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020-21 या दोन वर्षांत नेहमीपेक्षा दीड कोटीच्या आसपास जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, त्यातले 47 लाख भारतातले. त्या दोन वर्षांचा आपला अधिकृत कोविड मृत्यूंचा आकडा पाच लाखांच्या आत होता, आणि सरकारनं तो अंदाज फेटाळला. पद्धतीवर वाद जरूर घालावा. पण प्रत्येक गावची नोंद वेळेवर आणि कारणासह झाली असती, तर अंदाज बांधायची वेळच आली नसती.

माझ्या सध्याच्या कामाची प्रेरणा श्रीलंकेची आहे. 1995 मध्ये तिथं लाखामागे 47 आत्महत्या होत, जगातल्या सर्वाधिकांपैकी. बहुतेक कीटकनाशक पिऊन. दुःख मोजून कमी करणं कुणाच्या हातात नव्हतं. पण अनुराधपुर आणि पोलोन्नरुवच्या रुग्णालयांत डॉक्टरांनी प्रत्येक रुग्ण नेमकं काय प्यायलाय ते नोंदवलं. पॅराक्वाट प्यायलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक दगावत होते, क्लोरपायरिफॉसमध्ये दहा टक्क्यांच्या आत. विष घेणारी माणसं पुष्कळदा क्षणाच्या तिरमिरीत हाताला लागेल ते घेतात. हाताला काय लागतं, यावर ती वाचतात की नाही ते ठरतं. श्रीलंकेनं सर्वांत घातक औषधं टप्प्याटप्प्यानं बंद केली, आत्महत्यांचा दर वीस वर्षांत सुमारे 70 टक्क्यांनी उतरला. भाताचं उत्पादन घटलं नाही.

आपल्याकडे पॅराक्वाट अजून कृषी सेवा केंद्रात मिळतं. 2017 मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते तर जगायलाच शेतात उतरले होते. अशा मृत्यूंत नमुना 4 वर काय लिहितात? ‘विषबाधा’, किंवा ‘व्हिसेरा राखून ठेवला’. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने जातात, आणि तो आल्यावर मृत्यू नोंदणीत दुरुस्ती क्वचितच होते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही कीटकनाशक पिऊन केलेली आत्महत्या एकाच सांकेतिक क्रमांकाखाली जाते, मग बाटली कशाचीही असो.

नातेवाईक मात्र बाटली पिशवीत घालून बरोबर आणतात, डॉक्टर विचारतील म्हणून. आमच्याकडे अपघात विभागात आता त्यासाठी एक वही ठेवली आहे. इंटर्ननं बाटलीवरचं नाव, टक्केवारी आणि ती कुठून घेतली तेवढं त्यात उतरवायचं, रुग्ण वाचला की गेला ते नंतर भरायचं. पावसाळ्यात वही भराभर भरते, आणि तीच चार-पाच नावं पुन्हा पुन्हा येतात.