तापीकाठचे चालते बिऱ्हाड

समुद्र खानदेशाच्या वाट्याला आलेला नाही. परंतु मुलताईस उगम पावून 724 किलोमीटरांची मजल मारीत सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळणारी तापी जळगाव व धुळे या जिल्ह्यांना जो विस्तीर्ण काठ देते, त्याला किनारा म्हणण्यात आम्हां खानदेशी माणसांना संकोच वाटत नाही. उतारवयात कानांनी साथ सोडल्यापासून दारावरची थाप, मागून येणारी मोटार आणि जेवणाची हाक या तिन्हींची वर्दी पंजाने गुडघा दाबून देण्याची चाकरी आमच्या मोती नावाच्या कुत्र्याने पत्करली आहे. त्याच्यावाचून प्रवास मला अशक्य, आणि त्याच्यासह लॉजात खोली मिळणे त्याहून अशक्य. सबब भाच्याने आपल्या टेम्पोत खाट, पाण्याची टाकी व शेगडी बसवून माघ महिन्यात मला तापीकाठी नेले.

पहिला मुक्काम चांगदेवास. येथे पूर्णा तापीस मिळते आणि हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे संगम एखाद्या सरोवरासारखा पसरलेला दिसतो. पुढे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने रावेर, यावल, चोपडा असे केळीच्या बागांतून जात आम्ही शिरपूर तालुक्यातील थाळनेरास पोहोचलो. फिरोजशहा तुघलकाने 1370 च्या सुमारास मलिक राजा फारुकीस जहागिरीत दिलेले हे ठाणे म्हणजे फारुकी अमलाचा आरंभ. 1818 च्या फेब्रुवारीत हिस्लॉपच्या इंग्रजी फौजेने किल्ला घेतला, शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम यास फासावर चढविले. नदीकडच्या कड्यावर उभे राहून हा इतिहास आठवीत असता मोतीने माझे धोतर दातांत धरून मला मागे ओढले, कारण पायांखालची माती सुटत होती. इतिहासाविषयी त्याला आस्था नाही, ही गोष्ट माझ्या फायद्याची ठरली.

त्याच संध्याकाळी कापूस उपटून मोकळ्या केलेल्या वावरात ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाडांचा तांडा, उतरलेला दिसला, आणि आमच्या टेम्पोची प्रौढी तेथेच संपली. घोड्यांच्या पाठीवर उलटी बांधलेली खाट, तिच्यावर कोंबड्या, भांडी, नुकती जन्मलेली कोकरे आणि चालू न शकणारी पोरे, असे अखंड घर साक्रीकडच्या माळरानातून हे लोक पिढ्यानुपिढ्या हलवीत आले आहेत. पावसाळ्यात चिखलाच्या काळ्या रानात मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून तेव्हा माळ धरायचा आणि सुगी झाली की नदीकाठी उतरायचे. रात्री शेतात मेंढरे बसवून लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य अथवा रोकड घ्यायची, असा हा सरळ व्यवहार आहे. पुरुष मेंढरांमागे जातात. बिऱ्हाड उचलणे व मांडणे ही सारी कारभारीण बायकांची अखत्यारी. लांडग्यापासून राखण मात्र कुत्र्यांकडे. ती कुत्री मोतीभोवती अशा तऱ्हेने फिरली की तो थेट टेम्पोच्या चाकामागे दडला.

एका म्हाताऱ्या बाईने विचारले, “बाबा, रातीला हा काय करतो?”

भाच्याने प्रश्न माझ्या कानाशी ओरडून पोहोचविला. मी म्हणालो, “झोपतो.”

“मग भाकर कशाची खातो?” ती म्हणाली, आणि सारा वाडा हसला. मोतीच्या चाकरीची हकीकत भाच्याने सांगितल्यावर तिने अर्धी भाकरी चाकामागे सरकविली.

सावळदे येथील तापीच्या पुलाजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर सकाळी असाच दुसरा वाडा रस्ता ओलांडताना दिसला. भोंग्यांचा गजर मला ऐकू येत नव्हता. मोतीचे थरथरणारे अंग तो कळवीत होते. घोडे बुजत होते, एक पोर खाटेला घट्ट बिलगले होते. आमच्या टेम्पोस कर, परवाना आणि क्रमांक असल्यामुळे रस्त्यावर हक्क. हजारो मैल चाललेल्या त्या घरास तो नाही, हा न्याय मला मान्य नाही. म्हणून मोटार हाकणाऱ्या वाचकांस विनंती अशी की, पुढे मेंढरे दिसल्यास भोंगा न वाजविता गाडी उभी करावी. कळप बाजूस घेण्याचे काम ठेलारी आपल्याहून चांगले जाणतात.