आता दाराच्या बाजूने

लोकलला आपोआप बंद होणारी दारं नकोत, हे माझं वर्षानुवर्षांचं मत. डोंबिवलीच्या फलाटावर, डब्यातल्या ग्रुपमध्ये, प्रवाशांच्या बैठकांत मी ते ठामपणे मांडत आलो. त्यामागे रोजचा अनुभव होता. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये जी काही हवा मिळते ती उघड्या दारातूनच. छताचे पंखे असलेली गरम हवाच फिरवत राहतात. शिवाय दार लागायचं तर गर्दीने आधी आत सरकायला हवं. अर्ध्या मिनिटाच्या थांब्यात ते जमलं नाही तर गाडी तिथेच अडकणार आणि तिच्यामागच्या गाड्या सिग्नलला खोळंबणार. ऑगस्ट 2022 मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी बंद दारांच्या एसी लोकलविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा मी मनाने त्यांच्यासोबत होतो. जिचं किमान तिकीट 5 रुपये ती साधी गाडी काढून घ्यायची आणि तिथे 35 रुपयांपासून सुरू होणारी गाडी आणायची, हा अन्याय होता. आजही मला तो अन्यायच वाटतो.

दाराबद्दलचं मत मात्र बदललं.

9 जून 2025, सोमवार सकाळ. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर फेकले गेले. चौघं त्याच दिवशी गेले. नंतर कारणांवर वाद झाला: पाठीवरच्या बॅगा घासल्या का, वळणावर डब्याला हिसका बसला का, रुळांच्या देखभालीत कसूर झाली का. ते सगळं वाचताना मी एकाच ठिकाणी येऊन थांबत होतो. कारण कोणतंही ठरो, दार बंद असतं तर ही माणसं आत असती.

त्यानंतर उघड्या दाराकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. दारातून वारा येतो, धावत येणाऱ्याला शेवटच्या क्षणी दांडा पकडता येतो, म्हणून ती आम्हा प्रवाशांची सोय, असं मी धरून चाललो होतो. पण फूटबोर्डावर एक पाय टेकायला जागा आहे तोवर गाडी भरली असं कुणी म्हणतच नाही. गाड्या किती कमी पडतात हे फलाटावर दिसत नाही, कारण न मावणारा माणूस बाहेर लटकून का होईना, निघून जातो. तो पडला तर त्याची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे होते. 2023 मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 2590 माणसं मेली. त्यातली निम्म्याच्या आसपास रूळ ओलांडताना गेली, त्यांना डब्याच्या दाराचा काही उपयोग नव्हता. पण धावत्या गाडीतून पडलेले शेकडो होते. उघडं दार गाड्यांचा तुटवडा झाकून ठेवतं, आणि त्याची किंमत दारातला माणूस देतो.

‘लटकतात कशाला?’ हा प्रश्न मला कधीच पटला नाही. नोकरीवर लेट मार्क लागणाऱ्याला तो विचारूच नये. वडाळ्याजवळ 2010 च्या सुमारास रूळ ओलांडण्याविरुद्ध एक प्रयोग झाला. येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना नीट कळावा म्हणून काही स्लीपर पिवळे रंगवले, मोटरमनना एका लांब हॉर्नऐवजी दोन तुटक हॉर्न द्यायला सांगितलं, गाडीखाली येणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा फलकावर लावला. त्या टापूतले मृत्यू घटले. माणसाला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या भोवतीची जागा बदलली तर जीव वाचतात, हे मला रुळांच्या बाबतीत तेव्हाच पटलं होतं. डब्याच्या बाबतीत पटायला मुंब्रा घडावं लागलं, याचं दुःख होतं.

हवेच्या प्रश्नाला उत्तर असू शकतं. मुंब्र्यानंतर रेल्वेने बिनएसी पण दारं बंद होणाऱ्या गाड्यांचा आराखडा जाहीर केला: दारांना हवा आत घेणाऱ्या झडपा, बाहेरची हवा खेचणारी यंत्रं छतावर, आणि गर्दी पुढेमागे सरकावी म्हणून डब्याडब्यांना जोडणारा मार्ग. खचाखच भरलेल्या गाडीत हे कितपत पुरेल ते मे महिन्यातल्या दुपारीच कळेल. पण श्वास कोंडेल म्हणून दारच नको, असं मी आता म्हणणार नाही. श्वास कोंडणार नाही असं दार द्या, असं म्हणेन.

फलाटाची भीती मात्र तशीच आहे. दारं लागली की आज लटकणारी माणसं फलाटावर उरतील, पुढच्या गाडीची माणसं त्यांत मिसळतील, जिने आणि पूल तुंबतील. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर 23 जण चेंगरून मेले, तेव्हा कुणी गाडीच्या दारात नव्हतं. रुंद पूल आणि जास्त फेऱ्या यांच्याशिवाय दारं बसवली, तर धोका डब्यातून फलाटावर येईल. गर्दी विभागावी म्हणून मध्य रेल्वेने नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या दोन वेगळ्या वेळा लावून दिल्या. बँका, मंत्रालय, खासगी कंपन्या यांनीही तसं केलं तर सकाळची ती जीवघेणी दाटी थोडी विरळ होईल.

आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ अजूनही दारांच्या विरोधात आहेत. ते विचारतात, ‘दार लागल्यावर मागे राहिलेल्याला पुढची गाडी किती मिनिटांनी, ते आधी सांग.’ त्यांचा प्रश्न योग्य आहे. म्हणून बैठकीत मी आता दारांची मागणी एकटी ठेवत नाही. दारं असलेल्या पहिल्या गाड्या कसारा-कर्जतच्या फास्ट फेऱ्यांना द्या, भाडं साध्या लोकलचंच ठेवा, आणि त्यांच्यासाठी एकही साधी फेरी कमी करू नका, असं मी लिहून देतो. त्याखाली त्या ज्येष्ठांचीही सही आहे.