नळदुर्गात वीस बाजूंचा फासा

सुट्टीत धाराशिवला भाचरं जमली की मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव मांडते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालचा; त्यात प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट पुढे न्यायची. माझी गोष्ट मात्र नळदुर्गात घडते: बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, वरून कोसळणारे नर-मादी धबधबे.

परवा धाकटीने काही न सांगताच फासा टाकला. वीस पडले! "मी धबधबा उलटा चढले!" ती ओरडली. नवशिक्यांचा हा हमखास गैरसमज. विसाला वार बसतोच, पण ते फक्त हल्ल्यापुरतं. एरवी आकड्यात पात्राचं कसब मिळवून तो कामाच्या अवघडपणाशी ताडायचा. अशक्य ते अशक्यच. आणि आधी काय करणार ते सांगायचं. फासा टाकायचा की नाही, हे सूत्रधार, म्हणजे गोष्ट चालवणारा, ठरवतो.

दुसरा गैरसमज मला जास्त खुपतो. ल्यूडोवर वाढलेली पोरं सूत्रधाराला शत्रू मानतात, शेवटी "कोण जिंकलं?" विचारतात. अरे, गोष्ट तर सगळ्यांनी मिळून रचायची असते!

शिकवणाऱ्यांनो, पहिल्याच दिवशी नियमांचं पुस्तक पुढे ठेवू नका. "तू आता काय करतोस?" एवढंच विचारा.