कोलकात्याच्या सांडपाण्यावर

सायन्स सिटीचा चौक मागे टाकून रिक्षा बासंती हायवेला लागली तेव्हा नुकतं फटफटत होतं. वाऱ्यावर एक वास होता. थोडा गटाराचा, थोडा चिखलाचा, थोडा ताज्या मासळीचा. रिक्षावाल्याला विचारलं, “दादा, हा वास कसला?” “कोलकात्याचा,” तो म्हणाला.

चौबागाच्या आडतीवर पोचेपर्यंत लिलाव रंगात आला होता. ओल्या फरशीवर रुई (म्हणजे आपला रोहू), कटला, मृगेल, तिलापिया यांच्या राशी, आणि त्यांच्यामधून वाट काढत अॅल्युमिनियमच्या रुंद हंड्या घेऊन धावणारी माणसं. हंडीत पाणी आणि पाण्यात जिवंत मासे. माणूस थांबला की त्याचा तळवा पाण्यावर थापट्या मारू लागतो, म्हणजे पाण्यात हवा मिसळते आणि मासा तग धरतो. बंगाली गिऱ्हाईक फडफडता मासा बघून पैसे मोजतं. मेलेल्या माशाचा भाव लगेच उतरतो. या हंड्या सायकलींना लागून सूर्य वर येईतो शहराच्या गल्ल्याबोळांत पोचतात.

माझं लक्ष माशांच्या आकाराकडे गेलं. आपल्याकडे हॉटेलात दिसतो तसा दोन-तीन किलोंचा रोहू इथे जवळजवळ नव्हताच. बहुतेक मासे हातभरसुद्धा नव्हते. आडत्याला विचारलं तर तो हसला. मासा मोठा होईपर्यंत थांबलं तर पैसा पाण्यात अडकून पडतो. इथे बोटुकली सोडायची, काही महिन्यांत जाळं टाकायचं, पुन्हा सोडायची, पुन्हा काढायचं. शिवाय पाव किलोचा अख्खा मासा मजुराच्या घरात एका वेळच्या झोळाला, म्हणजे पातळ रश्श्याला, पुरतो. मोठ्या रुईचे तुकडे घेणारे बाबूलोक वेगळे, त्यांचा बाजारही वेगळा.

उजाडल्यावर एका सहकारी भेडीवर गेलो. भेडी म्हणजे बांध घालून केलेलं उथळ तळं. मी जिच्या बांधावर उभा होतो ती इतकी पसरलेली होती की पलीकडची माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती, पण नाव ढकलणारा गडी मधोमध छातीभर पाण्यात उभा. हा उथळपणाच या साऱ्या कारभाराचा पाया. ऊन तळापर्यंत पोचतं. सांडपाण्यातला मैला जिवाणू फोडतात, त्यातून सुटलेल्या खतावर शेवाळ माजतं, शेवाळ दिवसभर पाण्यात प्राणवायू सोडतं, आणि शेवाळ व त्यावर जगणारे सूक्ष्म जीव मासे खातात. मत्स्यशेतीत सगळ्यांत मोठा खर्च असतो खाद्याचा. इथे ते खाद्य शहरातल्या लोकांच्या मोऱ्यांतून कालव्याने चालत येतं.

सोसायटीचे सेक्रेटरी साठीचे, लुंगी आणि बनियनमधले. त्यांनी मला कालव्याच्या तोंडाशी नेलं. पाणी काळं, अंगावर येणारा वास. मग तळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं, तिथलं पाणी हिरवट. “पाण्याचा रंग वाचता आला पाहिजे,” ते म्हणाले. नवं सांडपाणी आत घेतल्यावर लगेच मासे सोडत नाहीत. काळं पाणी हिरवं होईस्तोवर ते ऊन खात पडून राहतं. हिवाळ्यात तळं उपसायचं, गाळ काढायचा, तळाला ऊन द्यायचं, चुना मारायचा, नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकायची. काठाने जलपर्णीचा पट्टा मुद्दाम राखलेला. आपण नदीत जिला शिव्या देतो ती जलपर्णी इथे लाटांपासून बांध सांभाळते, माशांना सावली देते आणि पाण्यातले काही जड धातूही शोषते. मात्र ती पट्ट्याबाहेर पसरली की लगेच काढायची. ते काम बायकांकडे. साड्या खोचून पाण्यात उतरलेल्या बायका गाठोडी ओढत होत्या. त्यांना दिवसाची मजुरी मिळते. जाळं मात्र पुरुषांच्याच हाती. हे का, म्हणून विचारलं, तर सेक्रेटरी नुसते हसले. मला ते हसणं काही पटलं नाही.

कोलकाता हुगळीच्या काठावर असलं तरी जमिनीचा उतार नदीकडे नाही, पूर्वेकडे आहे. म्हणून इंग्रजांच्या काळापासून शहराची घाण इकडच्या खाऱ्या दलदलीत सोडली गेली. ती वाहून नेणारी विद्याधरी नदी गाळाने मेली. 1928 साली ती मृत म्हणून जाहीर झाली. भरतीचं खारं पाणी येईनासं झालं, आणि खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांपुढे उरलं फक्त शहराचं सांडपाणी. त्यांनी त्याच्यावर रुई-कटला वाढवून पाहिला. हे शास्त्र कुठल्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही, अडचणीतून आलं.

शहराला याचा पत्ता फार उशिरा लागला. 1980 च्या सुमारास ध्रुवज्योती घोष या राज्य सरकारच्या अभियंत्याने, महानगराचं सांडपाणी शेवटी जातं तरी कुठे, याचा माग काढायला सुरुवात केली. कालव्याच्या कडेने चालत तो भेड्यांपाशी येऊन पोचला. पुढे आयुष्यभर, 2018 मध्ये जाईपर्यंत, तो याच पाणथळीची बाजू मांडत राहिला. साडेबारा हजार हेक्टरांच्या या पट्ट्याला 2002 मध्ये पाणथळींसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात स्थान मिळालं. इथे अडीचशेच्या आसपास भेड्या आहेत. वर्षाला दहा हजार टनांहून जास्त मासळी निघते आणि हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते.

पण भेडीचा हिशोब मासळीच्या टनांत मांडणं मला अपुरं वाटतं. एवढ्या मोठ्या शहराचं सांडपाणी यंत्रांनी शुद्ध करायचं तर केंद्रं उभारा, वीज जाळा, पगार द्या. इथले मच्छीमार ते काम तीन पिढ्या करताहेत आणि महापालिका त्याबद्दल त्यांना काहीही देत नाही. पैसे मिळतात ते फक्त माशाचे. म्हणूनच बिल्डर जेव्हा एकरी भाव घेऊन येतो तेव्हा मासळीचं उत्पन्न त्याच्यापुढे किरकोळ दिसतं. जे काम हिशोबात धरलेलंच नाही त्याची किंमत मागणार कोणाकडे?

बांधावरून पश्चिमेला पाहिलं की उंच इमारतींची रांग दिसते. सॉल्ट लेक उपनगर अशाच पाण्यावर उभं आहे; साठच्या दशकात हुगळीतला गाळ पाइपांनी आणून तिथली तळी बुजवली. 1992 मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जींनी उरलेल्या पाणथळीवर भराव घालायला मनाई केली, पुढे 2006 मध्ये कायदाही झाला. तरीही रात्रीतून राडारोड्याचे ट्रक रिकामे होतात, असं बांधावर जो तो सांगतो. दुसरी धास्ती बानतल्याची. शहरातल्या चामड्याच्या कारखान्यांना तिथे जागा दिली आहे, आणि क्रोमियम काही शेवाळ पचवू शकत नाही. मैला आणि रसायन एका कालव्यात येता कामा नये, ही साधी गोष्ट. ती पाळली नाही तर या माशावरचा लोकांचा विश्वास उडेल, आणि तो उडाल्यावर कायदा काय वाचवणार?

दुपारी सोसायटीच्या खोलीत जेवलो. भात, डाळ, आणि मोहरी वाटून केलेला तिलापियाचा झोळ. हात कचरला का? क्षणभर कचरला. मग भूक जिंकली. आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांचा आणि तिथल्या ढिवरांच्या सोसायट्यांचा विषय निघाला. मी सांगितलं, आमच्याकडे तलाव सरकारचा, मासे सोसायटीचे आणि पाण्यावर पहिला हक्क धानाचा. सेक्रेटरींना ते भांडण चांगलंच कळलं. त्यांच्याकडे सोसायटीच्या फायद्यातून सभासदांना वाटा मिळतो, आजारपणात उचल मिळते. रात्री चोर जाळं टाकू नये म्हणून बांधावरच्या आलाघरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, पहारा असतो. सभासद पाळीपाळीने जागतात. खासगी भेडीवर तेच काम पगारी माणूस करतो.

निघताना त्यांनी टेबलाच्या खणातून एक अर्ज काढून दाखवला. तो एका सरकारी कचेरीला लिहिलेला होता. कालवे गाळाने भरलेत, दारं नीट चालत नाहीत, भेड्यांना सांडपाणी पुरत नाही, तरी ते वाढवून मिळावं, अशी विनंती. तारीख पाहिली; अर्ज जुना होता. अजून उत्तर नाही, ते म्हणाले, पण नवीन अर्ज लिहायला घेतलाय. तुम्ही कुठे लिहिलंत तर एवढं लिहा, आम्हाला शहराचं घाण पाणी कमी मिळतंय.