पावणेसातशेचं ब्री आणि आईचे मोजे

शनिवारची संध्याकाळ. कॅम्पातलं एक सुपरमार्केट. चीजच्या फ्रीजसमोर माझी फ्लॅटमेट गेली पाच मिनिटं नुसती उभी आहे. हातात ब्री चीजचा छोटासा गोल डबा, तळहातात मावेल एवढा. ती तो उलटा करते, किंमत वाचते, परत ठेवते. पुन्हा उचलते. शेवटी माझ्याकडे वळून म्हणते, "सहाशे पंच्याहत्तर! घरी हे मी सँडविचमध्ये घालून ऑफिसला न्यायचे."

घरी म्हणजे जर्मनीत. ही पोरगी पुण्यात जर्मन शिकवते. दीड वर्षापूर्वी आली आणि बंडगार्डन पुलाच्या अलीकडे, येरवड्यात माझ्यासोबत टू बीएचके शेअर करून राहते. पगार रुपयांत मिळतो, आणि तोही तुमच्या-माझ्यासारखाच, महिन्याच्या वीस तारखेला संपणारा. तेव्हा कोरेगाव पार्कातला 'एक्सपॅट' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो येतो, म्हणजे कंपनीचा बंगला, ड्रायव्हर, वर्षातून दोनदा घरची फ्लाइट, तो प्रकार हिचा नाही. त्या मंडळींचं चीज कंपनीच्या पॅकेजमध्ये कुठेतरी बसतं. हिचं बसत नाही.

त्या दिवशी तिने ब्री परत ठेवलं आणि अमूलचा पॅक उचलला. बिलिंग काउंटरपर्यंत गप्प होती. रिक्षात बसल्यावर विचारलं, "तुमच्या सरकारला चीजचा एवढा राग का आहे?"

मला उत्तर येत नव्हतं. मास कॉमला बजेट कव्हर करायला शिकवलं होतं, ब्री नव्हे. म्हणून म्हटलं, चला, शोधू या.

एका डब्याचा प्रवास

फंडा तसा सोपा आहे. बाहेरून येणाऱ्या चीजवर प्रकारानुसार साधारण तीस ते चाळीस टक्के कस्टम्स ड्यूटी लागते. त्या ड्यूटीच्या दहा टक्के सरचार्ज. या सगळ्याची बेरीज करून त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो दिलासा.

पण नुसत्या टॅक्सने डबा पावणेसातशेचा होत नाही. ब्री म्हणजे काही खडीसाखर नाही. ते थंडच यावं लागतं, बंदरात थांबलं तरी थंड राहावं लागतं. त्याच्या पाठीवर इम्पोर्टरचं नाव, पत्ता, एफएसएसएआयचा नंबर आणि व्हेज-नॉनव्हेजची खूण असलेलं स्टिकर लागतं. पुढच्या वेळी परदेशी डबा हातात घेतलात तर हे स्टिकर नीट बघा, त्याचा अर्धा बायोडेटा तिथेच असतो. यात जे तुकडे एक्स्पायर होतात त्यांचा खर्च उरलेल्यांवर पडतो. आणि डिस्ट्रिब्युटर, दुकानदार आपापलं मार्जिन लावतात ते मूळ किमतीवर नाही, टॅक्स भरून फुगलेल्या किमतीवर. सॉल्लिड गणित आहे!

वाईनचं तर विचारूच नका. परदेशी वाईनवर दीडशे टक्के ड्यूटी, म्हणजे शंभर रुपयांची बाटली बंदरातून बाहेर पडतानाच अडीचशेची. पुढे राज्याचे कर वेगळे. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने इम्पोर्टेड स्कॉचवरची एक्साइज तीनशे टक्क्यांवरून दीडशेवर आणली, तेव्हा माझ्या मित्रांच्या ग्रुपवर पुन्हा दिवाळी साजरी झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, परवडत नाही तर खाऊ नका, इथे काय कमी आहे खायला? मीही आधी हेच म्हटलं होतं. मग आठवले आईच्या तोंडून ऐकलेले 'फॉरेनच्या' वस्तूंचे किस्से. दुबईहून कुणाचे तरी काका यायचे, बॅगेतून टँगचा डबा, निव्हियाची क्रीम आणि टू-इन-वन निघायचा, आणि अख्खी सोसायटी बघायला जमायची. १९९०-९१ मध्ये आपल्याकडे ड्यूटीचा सर्वांत वरचा दर ३५५ टक्के होता. जुलै १९९१च्या बजेटने तो दीडशेवर आणला. २००१च्या एप्रिलमध्ये आयातीवर मर्यादा असलेल्या उरल्यासुरल्या ७१५ वस्तूही मोकळ्या झाल्या. म्हणजे आज मॉलमध्ये आपण ज्या आयलमधून ट्रॉली ढकलत जातो, ती आयल आपल्यापेक्षा फार मोठी नाही.

मामाची गोठ्यातली बाजू

चीजचं उत्तर मात्र मला सुपरमार्केटमध्ये नाही, संगमनेरला मिळालं. तिथे माझ्या मामाच्या सहा गायी आहेत. एका रविवारी फ्लॅटमेटला घेऊन गेले. तिने गोठा बघितला, वासराचे चार फोटो काढले आणि मामाला सरळ विचारलं, परदेशी चीज स्वस्त झालं तर काय होईल?

मी भाषांतर केलं. मामा हसला. म्हणाला, "अगं, लीटरला तीस-बत्तीस रुपये हातात येतात. चाऱ्याचं, पेंडीचं बिल वजा कर. बाहेरची पावडर नि चीज स्वस्तात आलं तर आमच्या दुधाला कोण विचारणार? तिकडं एकेका शेतकऱ्याकडं शंभर-दोनशे गायी. माझ्याकडं सहा."

फ्लॅटमेट बराच वेळ काही बोलली नाही. जगात सर्वांत जास्त दूध भारतात निघतं, आणि ते बहुतेक अशाच दोन-चार-सहा जनावरांच्या गोठ्यांतून येतं. म्हणून कुठलाही व्यापार करार असो, डेअरी आपण बाहेर ठेवतो. स्वित्झर्लंडसह चार देशांचा करार १ ऑक्टोबर २०२५पासून लागू झाला. स्विस चॉकलेटला त्यात सवलत आहे, स्विस चीजला नाही. २७ जानेवारी २०२६ला युरोपियन युनियनबरोबरच्या वाटाघाटी संपल्याची घोषणा झाली. त्यातही वाईन, ऑलिव्ह ऑइल, चॉकलेट यांची ड्यूटी टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलंय. दूधदुभतं मात्र बाहेरच.

परतताना एसटीत ती म्हणाली, "ओके. चीजचा राग नाहीये. मामाची काळजी आहे." आणि मग, "पण माझी कुणाला आहे?"

गंमत बघा. ज्या ड्यूटीमुळे तिला ब्री परवडत नाही, तीच ड्यूटी तिला पुण्यात घेऊन आली आहे. तयार परदेशी गाडी आणली की जबरदस्त टॅक्स, सुटे भाग आणून इथे जोडले की बराच कमी. परदेशी कंपन्यांनी इथे कारखाने टाकण्यामागे हे एक मोठं कारण. मर्सिडीजने १९९५मध्ये पिंपरीत गाड्या जोडायला सुरुवात केली. २००९मध्ये चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे प्लांट सुरू झाले. कारखाने आले म्हणून जर्मन इंजिनीअर आले, पुण्यातल्या पोरांना जर्मनीच्या नोकऱ्या दिसू लागल्या, जर्मनचे क्लास भरू लागले, आणि शिकवायला ही आली. गाडीसाठी घातलेल्या कुंपणात चीजही अडकलं, एवढंच.

मोज्यांचं बिल

डिसेंबरात तिच्या आईने पार्सल पाठवलं. ख्रिसमसचं. आत लेबकुखन, म्हणजे तिकडची मध-मसाल्याची मऊ बिस्किटं, थोडं मार्झिपान आणि आईने हाताने विणलेले लोकरीचे मोजे.

पार्सल आलं नाही, मेसेज आला. केवायसी द्या, पासपोर्टची कॉपी द्या, वस्तूंची बिलं द्या, ड्यूटी भरा. हँडलिंग धरून आकडा दोन हजारांच्या वर. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतच्या गिफ्ट पार्सलला माफी असायची. त्या वाटेने ऑनलाइन शॉपिंगचा माल 'गिफ्ट' म्हणून येऊ लागला, तेव्हा डिसेंबर २०१९मध्ये सरकारने ही सवलत बंद केली. जीवरक्षक औषधं आणि राखी एवढेच अपवाद ठेवले.

हो, राखी! मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी आईला राखी पाठवायला सांग. ती हसली नाही.

"मोज्यांचं बिल कुठून आणू?" तिने विचारलं. शिवाय आईने फॉर्मवर मोज्यांची किंमत चांगली घसघशीत लिहिली होती. फोनवर विचारलं तर माउली म्हणते, तीन आठवडे विणत होते, स्वस्त कशाला लिहू?

त्या रात्री ती डायनिंग टेबलवर वही घेऊन बसली होती. एका बाजूला भाडं, वीज, मेट्रोचा पास. दुसऱ्या बाजूला पार्सल. तिचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपणार होतं, पुढच्या वर्षाचा कागद सहीसाठी आला होता आणि तो त्या वहीखालीच पडला होता. "मी पंचवीस दिवस या शहरावर खूश असते," ती म्हणाली, "आणि पाच दिवस हिशेब करते की आईची एखादी वस्तू हातात यायला किती पैसे पडतात. त्या पाच दिवसांत मला परत जावंसं वाटतं."

मला एकदम माझी मामेबहीण आठवली, याच मामाची मुलगी. ती श्टुटगार्टला असते. मामी दर वर्षी तिच्यासाठी पेढे करते, आणि दर वर्षी कुणीतरी मामीला सांगतं की युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ बॅगेतून नेता येत नाहीत. मामीचा प्रश्न ठरलेला: "पेढ्याने काय होतं त्यांना?" म्हणजे कुंपण दोन्ही बाजूंना आहे. आत बसलेलं लेकरू मात्र सारखंच.

पैसे तिने भरले. मोज्यांसाठी. आठ दिवसांनी पार्सल आलं तेव्हा मोजे शाबूत होते, लेबकुखनचा भुगा झाला होता.

तो भुगा आम्ही दोघींनी चमच्याने खाल्ला. पहिल्याच घासाला मी थांबले. वेलची. लवंग. दालचिनी. धने. सुंठ. "अगं, हा तर आमच्या घरातला डबा आहे!" मी ओरडलेच. मग तिने सांगितलं, न्यूर्नबर्ग हे मध्ययुगात मसाल्याच्या व्यापाराच्या वाटांवरचं शहर, आजूबाजूच्या जंगलात भरपूर मध, म्हणून हे बिस्किट तिथे फुललं. म्हणजे पूर्वेकडचा मसाला युरोपात गेला, बिस्किट झाला आणि ड्यूटी भरून येरवड्यात परतला.

रविवार पेठेत लेबकुखन

पुढच्या शनिवारी कॅम्पऐवजी आम्ही रविवार पेठ गाठली. हा भाग बघितला नसेल तर जरूर जा, पण गाडी घेऊन जाऊ नका. गल्लीत हातगाडी, टेम्पो आणि आपण यांच्यात जागेची वाटणी कायम चालू असते. लवंग, दालचिनी, वेलची, बडीशेप, जायपत्री सगळं सुटं, पावशेर-छटाकने. फ्लॅटमेटने प्रत्येक पोत्यापाशी वाकून वास घेतला. "मॅडम, घ्यायचंय की नुसतं हुंगायचंय?" असं दुकानदाराने खास पुणेरी टोनमध्ये विचारलं, तेव्हा तिला खात्री पटली की आपण खऱ्या पुण्यात आलो.

हेझलनटचा भाव ऐकून आम्ही दोघी हसलो. मी म्हटलं, काजू घे, आपल्या कोकणातला. फुगवायला जर्मनीत जी अमोनियाची पावडर लागते, तीच आपल्या बेकऱ्यांत बिस्किटांत पडते. तीही तिथेच मिळाली. घरी ओव्हन नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा घेतला. दर दहा मिनिटांनी काकू वर येऊन "झालं का गं?" विचारत होत्या, कारण अख्ख्या जिन्यात वास सुटला होता.

खरं सांगू? आईच्या लेबकुखनसारखं नाही झालं. काजूने चव गोडसर केली आणि खालचे तुकडे जरा जळले. पण ती गप्प बसून दोन खाऊन उठली, आणि तिसरं फोटो काढून आईला पाठवलं.

आता आमच्या फ्रीजमध्ये डेअरीतला चक्का असतो. तिच्या मते तो थेट क्वार्क, त्याचा जर्मन चीजकेक भन्नाट होतो. वाईन नाशिकची किंवा अकलूजची. ब्री मात्र अजूनही महिन्यातून एकदाच, पगाराच्या आठवड्यात. पावणेसातशे देताना ती आता "हे मामासाठी" म्हणते. अर्धी चिडून, अर्धी हसून.

कॉन्ट्रॅक्टवर तिने फेब्रुवारीत सही केली. एका वर्षाची. पुढचं माहीत नाही म्हणते. त्याच दिवशी तिने आईला मेसेज केला: यंदा बिस्किटं पाठवू नकोस, तुझी रेसिपी नीट मापं घालून लिहून पाठव. मोजे तू येशील तेव्हा बॅगेतून आण.

रेसिपीवर अजून तरी ड्यूटी नाही.

जाता जाता…

• परदेशी फूड पॅकेट घेताना एक्स्पायरीची तारीख आधी बघा. तारीख जवळ आलेला माल बरेचदा डिस्काउंटमध्ये असतो. आजच खायचा असेल तर मस्त डील.

• परदेशातून कुणी गिफ्ट पाठवणार असेल तर प्रत्येक वस्तूची यादी आणि शक्य तिथे बिल पार्सलसोबत ठेवायला सांगा. आईच्या मोज्यांसाठीही!

• युरोपला निघालात तर पेढे, तूप, चीज बॅगेत नको. चकली, शंकरपाळे चालवून बघायचे असतील तर त्यात तूप किंवा दूध नाही ना, ते आधी घरी विचारा.

• क्वार्क हवं असेल तर चक्का. हेझलनट परवडत नसेल तर काजू. आणि परदेशी शेजारी असेल तर दिवाळीत फराळाचं ताट, त्याला पर्याय नाही.