रिकाम्या खुर्चीची टिपणे

*

'पोट' पुढं लागलं की गोष्ट दुय्यम ठरते: पोटकलम, पोटभाडेकरू, पोटजात. पोटनिवडणूकही त्याच घरातली. पण नोव्हेंबर २००५ मध्ये मालवणच्या पोटनिवडणुकीची वर्दळ शेजारच्या देवगड तालुक्यातल्या आमच्या मिठबावातही दिसायची. मुंबई पासिंगच्या गाड्या आचऱ्याच्या दिशेनं धावत, आणि चहावाला भर दुपारी सांगे, "दूध संपला."

*

जागा रिकामी कशी झाली, हे आधी विचारावं. जून १७९० मध्ये व्हर्जिनियाचे थिओडोरिक ब्लँड वारले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पदावर असताना गेलेले ते पहिले सदस्य. त्याच वर्षी निवडणूक होऊन विल्यम जाइल्स त्यांच्या जागी आले. राज्यघटना कोवळी होती, तरी तरतूद तयार होती: जागा रिकामी झाली की गव्हर्नरनं निवडणूक लावायची. आपल्याकडे हे काम निवडणूक आयोगाचं, मुदत सहा महिन्यांची. सभागृहाचं वर्षही उरलं नसेल, तर सूट.

*

बॅरिस्टर नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला गेले. राजापूरनं त्यांना तीनदा लोकसभेत पाठवलं होतं. पोटनिवडणुकीचा प्रश्नच आला नाही, कारण लोकसभा आदल्याच महिन्यात बरखास्त झाली होती. मार्चमध्ये मधु दंडवते निवडून आले आणि पुढं वीस वर्षं टिकले.

*

मालवणात कुणी वारलं नव्हतं. नारायण राणे १९९० पासून तिथले आमदार, १९९९ मध्ये मुख्यमंत्री. २००५ च्या जुलैत शिवसेना सुटली, काँग्रेस आली, महसूल खातं मिळालं. सोडलेली आमदारकी परत मागायला ते लोकांपुढं उभे राहिले. खुर्ची रिकामी करणारा आणि भरणारा एकच! सुमारे ६३ हजारांनी जिंकले. शिवसेनेच्या परशुराम उपरकरांची अनामतही गेली.

मालवणची मावशी म्हणाली, "माणूस तोच, झेंडो तेवढो बदललो."

*

दहा वर्षांनी, वांद्रे पूर्व. आमदार बाळा सावंत वारले, पोटनिवडणुकीत राणे उतरले. सावंतांच्या पत्नी तृप्ती सावंत जिंकल्या. पोटनिवडणूक दरवेळी पावतेच असं नाही.

*

२००८ च्या पुनर्रचनेत देवगड आणि मालवण ही दोन्ही नावं विधानसभेच्या यादीतून गेली. मिठबाव आता कणकवली मतदारसंघात.

*

२०२२ मध्ये शिवसेनेचे चाळीस आमदार एकनाथ शिंदेंबरोबर गेले. त्यापायी एकाही जागी पोटनिवडणूक झाली नाही. एकट्यानं पक्ष सोडला तर पक्षांतरबंदी कायदा आमदारकी घेतो; घोळक्यानं सोडला तर वाद कोर्टात आणि अध्यक्षांच्या दालनात. मतदार टीव्हीसमोर.

मावशीला परवा २००५ ची आठवण करून दिली. सुपारी कातरता कातरता म्हणाली, "तेवा माका विचारल्यानी तरी."