नक्कल

आयुष्यात नक्कल एकदाच केली, चौथीत, आणि छड्या खाल्ल्या. पुन्हा तिच्याशी गाठ पडली ती धुळ्याच्या कोर्टात, आरोपी म्हणून.

मी जळगावचा. केळ्यांच्या गावच्या माणसाने धुळ्याला जाऊन मेहुण्याची स्कूटर केळ्यांच्याच हातगाडीवर घालावी, हा योग दुर्मिळच! गाडीवाल्याने आपल्याविरुद्ध काय काय सांगितलं असेल, या विचाराने मी महिनाभर त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो. सौ. म्हणाली, "गुन्हा कबूल करा, दंड भरा नि मोकळे व्हा!"

वकील मात्र म्हणाले, "आधी पोलिसांच्या कागदांच्या नकला मागा. १९७३ च्या कायद्यात कलम २०७ होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत २३० आहे. तुम्ही हजर झाल्यापासून चौदा दिवसांत मिळायला हव्यात, आणि त्याही फुकट!"

फुकट म्हटल्यावर सौ.चा विरोध मावळला. मी अर्ज दिला.

नकला आल्या. हवालदाराची फिर्याद, पंचनामा ('अंदाजे तीन डझन केळी, पैकी काही चेंगरलेली') आणि शेवटी गाडीवाल्याचा जबाब. बिचारा अहिराणीत बोलला असणार. लिहिणाऱ्याने त्याला पोलिसी मराठीचा गणवेश चढवला होता : 'सदर इसमाचे वाहनासमोर श्वान अचानक आडवे आले. इसमाची चूक दिसत नाही.'

मी चष्मा पुसला. गुन्हा कबूल करण्याचा बेत तिथेच रद्द केला. परतताना त्याच्याच गाडीवरून तीन डझन केळी घेतली. भाव केला नाही.

घरी पिशवीत डोकावून सौ. म्हणाली, "केळी? धुळ्याहून? जळगावात?"

या गुन्ह्याला मात्र माझ्याकडे बचाव नव्हता.